पिंजरा जाळून मिळालेली काळी पावडर प्लॅटिनमची जागा घेईल का?

एम.एस्सी. संपवत आलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: "झिफ-८ सारख्या सच्छिद्र चौकटी जाळून केलेले लोह-नायट्रोजन-कार्बनचे कॅटॅलिस्ट दर दुसऱ्या पेपरात प्लॅटिनमच्या तोडीचे दाखवतात. मग फ्यूएल सेलच्या गाड्यांत अजून प्लॅटिनमच का? आणि पीएच.डी.साठी या विषयात काही शिल्लक आहे का?"

फ्यूएल सेल म्हणजे हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांच्यापासून वीज करणारं यंत्र, आणि कॅटॅलिस्ट म्हणजे त्यातली अभिक्रिया वेगाने घडवणारा पदार्थ. मी बरीच वर्षं या सेलचे इलेक्ट्रोड करण्याच्या कामात आहे, आणि त्यातली निम्मी तरी याच काळ्या पावडरीमागे गेली. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी मुद्द्याचं सांगून टाकतो. पेपरातले आकडे बहुतेक वेळा खरेच असतात, पण ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर असतं. काचेच्या भांड्यात, फिरत्या इलेक्ट्रोडवर, तासाभरात कॅटॅलिस्ट किती चपळ दिसतो एवढंच ते सांगतात. गाडीला पावडर लागत नाही, थर लागतो; तोही हवेवर, ऐंशी अंश सेल्सिअसला, हजारो तास चालणारा. चपळाईचा प्रश्न बऱ्यापैकी सुटलेला आहे. थर आणि आयुष्य हे दोन सुटलेले नाहीत, आणि त्यातही आयुष्याचा जास्त अवघड.

प्लॅटिनम कशासाठी लागतं तिथून सुरुवात करू. हायड्रोजनच्या बाजूला फारसं कष्टाचं काम नसतं. प्लॅटिनमचा नुसता हात फिरवला तरी हायड्रोजन फुटतो. खोळंबा होतो तो ऑक्सिजनपाशी. दुहेरी बंधाने बांधलेले दोन अणू सोडवायचे, त्यांना चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन पोचवायचे आणि पाणी करून बाहेर काढायचं. प्लॅटिनमवरसुद्धा हे काम हायड्रोजनच्या मानाने काही लाखपट सावकाश होतं. कागदावर सेलचं व्होल्टेज १.२३ असतं, भाराखाली ०.६ ते ०.७ हाती येतं, आणि या तुटीतला मोठा वाटा ऑक्सिजनच्या आळसाचा. म्हणून प्लॅटिनम मुख्यतः कॅथोडवर, म्हणजे ऑक्सिजनच्या बाजूच्या इलेक्ट्रोडवर, ओतावं लागतं. मोटारीच्या एका स्टॅकला, म्हणजे सेलच्या चळतीला, वीस-तीस ग्रॅमचा हिशेब धरला, तर पेट्रोल-डिझेल गाडीच्या कन्व्हर्टरमधल्या धातूच्या कितीतरी पट होतो. त्यात जगातलं सुमारे सत्तर टक्के प्लॅटिनम एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येतं. गाड्या वाढल्या तर हे परवडायचं नाही, ही भीती खरी आहे.

बिनप्लॅटिनमची कल्पना मात्र नवी नाही. १९६४ मध्ये रेमंड जॅसिन्स्की यांनी दाखवलं, की कोबाल्ट थॅलोसायनिन हे रंगाच्या घराण्यातलं संयुग अल्कलीमध्ये ऑक्सिजनचं काम करतं. त्या रेणूच्या मधोमध एक धातूचा अणू आणि भोवती चार नायट्रोजन. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्येही लोहाभोवती चार नायट्रोजनचा असाच कोंडाळा असतो, तेव्हा ऑक्सिजन आणि ही रचना यांची ओळख जुनी. पुढे लक्षात आलं, की असे रेणू कार्बनवर बसवून भट्टीत भाजले तर जास्त टिकतात. मग १९८९ मध्ये क्लीव्हलंडच्या अर्नेस्ट येगर यांच्या गटाने आणखी एक पायरी ओलांडली. महागडा रेणू मुळात हवाच कशाला? लोह किंवा कोबाल्टचं मीठ, नायट्रोजन असलेलं एखादं पॉलिमर आणि कार्बन, तिन्ही एकत्र भाजा. ऑक्सिजनचं काम करणाऱ्या जागा आपोआप तयार होतात. आजची सगळी पाककृती तिथूनच निघालेली आहे.

वीस वर्षं हे हळूहळू चाललं. २००९ मध्ये कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात झां-पोल डोडले यांच्या गटाने सच्छिद्र कार्बनच्या अतिसूक्ष्म छिद्रांत लोहाचं मीठ आणि फेनान्थ्रोलिन कुटून भरलं, भाजलं, आणि सगळ्यांचे कान टवकारले. तेव्हा अमेरिकी ऊर्जा खात्याचं उद्दिष्ट थराच्या आकारमानावर मोजलं जायचं: ०.८ व्होल्टला घन सेंटिमीटरमागे १३० अँपिअर. यांना ९९ मिळाले. दोन वर्षांनी त्याच गटाने कार्बनच्या जागी झिफ-८ वापरलं आणि आकडा २३० वर गेला. शुद्ध ऑक्सिजनवर चौरस सेंटिमीटरमागे ०.९१ वॉट इतकी कमाल शक्ती मिळाली. मॉफची, म्हणजे धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून केलेल्या अशा सच्छिद्र चौकटींची, लाट उसळली ती तिथून. एक गोष्ट मात्र तेव्हाच्या उत्साहात मागे पडली. हे घनमानाचे आकडे थेट मोजलेले नसतात, कमी विद्युतप्रवाहाच्या भागातली सरळ रेघ पुढे वाढवून काढलेले असतात. रेघ वाढवणं गैर नाही, पण गाडी त्या रेघेवर चालत नाही.

आता झिफ-८ म्हणजे काय, आणि तेच का. जस्ताचे आयन आणि २-मिथाइलइमिडाझोल यांची ही जाळी. आत ११.६ अँगस्ट्रॉमची पोकळी आणि पोकळीत शिरायला ३.४ अँगस्ट्रॉमची खिडकी. करायला इतकं सोपं, की दोन्ही द्रावणं मिथेनॉलमध्ये खोलीच्या तापमानाला एकत्र केली की थोड्या वेळात दुधासारखं पांढरं होतं. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल अशा चौकटींसाठी सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना मिळालं. त्यांनी मन लावून बांधलेला वाडा आम्ही हजार अंशाला जाळतो, हे थोडं करंटेपणाचं वाटतं खरं. पण जाळण्यातच गंमत आहे.

चौकटीत जस्ताच्या प्रत्येक आयनाभोवती आधीच चार नायट्रोजन असतात. जाळी नायट्रोजनने भरलेली, छिद्रांनी भरलेली आणि अणूअणूपर्यंत एकसारखी. थोड्या जस्ताच्या जागी लोह बसवलं, तर लोहाचे अणू एकमेकांपासून दूर राहतात. भट्टीत जाळीचा कार्बन होतो, आणि जस्त ९०७ अंशाला उकळतं, म्हणून त्याच्या वरच्या तापमानाला ते वाफ होऊन निघून जातं आणि जाताना मागे छिद्रं ठेवतं. तांबं किंवा निकेल असतं तर ते तिथेच गोळा होऊन बसलं असतं. जस्त स्वतःची जागा रिकामी करून देतं, म्हणून झिफ-८ बाकीच्या शेकडो मॉफांना पुरून उरलं. पेपरात न लिहिलेली एक गोष्ट: भट्टीच्या नळीच्या थंड टोकाला जस्ताचा करडा थर साचतो. तो वेळेवर काढला नाही तर वायूची वाट अडते आणि पुढच्या बॅचमध्ये जुनं जस्त परत येतं. शिवाय नायट्रोजनवाली संयुगं भाजताना सायनाइडयुक्त वायू सुटू शकतो. नळीचं दुसरं टोक नुसतं खिडकीबाहेर सोडलेल्या लॅब मी पाहिल्या आहेत. वायू धुणारा स्क्रबर लावल्याशिवाय भट्टी पेटवू नका.

लोह किती घालायचं, यावर बहुतेकांचा पाय घसरतो. जास्त लोह म्हणजे जास्त जागा, असं वाटतं. तसं होत नाही. ठरावीक मर्यादेपलीकडे लोहाचे अणू भट्टीत एकमेकांना शोधून काढतात आणि लोखंडाचे किंवा लोह-कार्बाइडचे कण होतात. हे कण कामाचे तर नसतातच, पुढे विरघळून उपद्रवही करतात. साधी परीक्षा आहे: कुपीच्या बाहेरून चांगला चुंबक लावा. पावडर सरसर धावत आली, तर त्या बॅचवर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा वेळ घालवू नका. गरम आम्लात धुऊन बरेच कण जातात, पण कार्बनच्या कवचात दडलेले राहतात. चांगल्या पावडरीत लोह वजनाने एक-दोन टक्क्यांच्या आसपास असतं आणि ती चुंबकाला दाद देत नाही.

याला बगल देणारी एक युक्ती २०२१ मध्ये पुढे आली. लोह सुरुवातीला घालायचंच नाही. आधी झिफ-८ भाजून जस्त-नायट्रोजनच्या जागा असलेला कार्बन करायचा, मग ७५० अंशाला त्यावरून फेरिक क्लोराइडची वाफ सोडायची. लोह जस्ताला उठवून त्याच्या जागी बसतं, आणि बसतं ते वायू पोचेल अशाच ठिकाणी, कारण ते स्वतःच वायूच्या वाटेने आलेलं असतं. या पद्धतीने शुद्ध ऑक्सिजनवर ०.९ व्होल्टला चौरस सेंटिमीटरमागे ३३ मिलिअँपिअर मिळाले. अमेरिकी उद्दिष्ट ४४ चं आहे. म्हणून म्हटलं, चपळाईची लढाई जवळपास जिंकलेली आहे.

आता मोजण्याबद्दल, कारण तुमच्या प्रश्नाची मेख तिथे आहे. फिरत्या इलेक्ट्रोडवर पेपरवाले बिनप्लॅटिनमची पावडर चौरस सेंटिमीटरमागे ०.६ ते ०.८ मिलिग्रॅम लावतात, आणि शेजारी तुलनेसाठी प्लॅटिनम लावतात वीस ते साठ मायक्रोग्रॅम. मग दोन्ही वक्र शेजारी शेजारी छापून "तोडीस तोड" म्हणतात. त्यात बरेच वक्र पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये घेतलेले असतात. अल्कलीत ही पावडर खरंच प्लॅटिनमला मागे टाकते, पण गाडीतला मेम्ब्रेन, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधला प्रोटॉन जाऊ देणारा पडदा, आम्लाच्या बाजूचा आहे. वाचताना आधी तीन गोष्टी बघा: द्रावण कोणतं, पावडर किती, आणि समोरचा इलेक्ट्रोड कशाचा.

तिसरी गोष्ट मी पोळून शिकलो. कामाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी माझा एक नमुना व्होल्टेज वरखाली करण्याच्या पाच हजार फेऱ्यांनंतर आधीपेक्षा चांगला निघाला. मी आनंदात वरिष्ठांकडे आलेख घेऊन गेलो. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "म्हातारपणी धावायला लागलाय का रे हा?" समोरचा इलेक्ट्रोड प्लॅटिनमच्या तारेचा होता. ती तार आम्लात अणूअणूने विरघळत होती आणि माझ्या "बिनप्लॅटिनम" पावडरीवर येऊन बसत होती. सहा महिन्यांचं काम रद्दीत गेलं. तारेच्या जागी लावायची ग्रॅफाइटची कांडी काही शे रुपयांत मिळते.

भांड्यातली मोजणी वाईट नाही. दहा नमुन्यांतले आठ टाकून द्यायला तिच्याइतकं स्वस्त काही नाही. पण शितावरून भाताची परीक्षा करताना शीत त्याच भांड्यातलं असावं लागतं. फिरत्या इलेक्ट्रोडवर ऑक्सिजन पाण्यात विरघळून येतो, प्रोटॉन सगळीकडे तुडुंब असतात, थर नखाएवढा. सेलमध्ये ऑक्सिजन हवेतून येतो, प्रोटॉन फक्त आयोनोमरच्या, म्हणजे थरात मिसळलेल्या प्रोटॉनवाहक पॉलिमरच्या, पातळ नसांतून येतात, आणि तयार झालेलं पाणी वाट अडवून बसतं.

थराचा हिशेब करून बघा, पाटीपेन्सिल पुरते. बिनप्लॅटिनमच्या एका जागेचा वेग प्लॅटिनमच्या एका अणूपेक्षा बराच कमी, आणि एका ग्रॅममध्ये जागाही कमी. म्हणून पावडर जास्त लावावी लागते: चौरस सेंटिमीटरमागे साधारण ४ मिलिग्रॅम. थराची घनता घन सेंटिमीटरमागे ०.४ ग्रॅम धरली तर जाडी निघते शंभर मायक्रॉन. प्लॅटिनमचा थर पाच-दहा मायक्रॉनचा असतो. म्हणजे ऑक्सिजनने एका बाजूने आणि प्रोटॉनने दुसऱ्या बाजूने दहापट लांब चालून मध्ये कुठेतरी भेटायचं. शुद्ध ऑक्सिजनवर ही चाल जमून जाते. हवेत ऑक्सिजन एक पंचमांश, तिथे थराचा अर्धा भाग उपाशी राहतो. कमाल शक्तीचा ऑक्सिजनवरचा आकडा हवेवर निम्म्याच्या आसपास उतरतो, तो यामुळे.

इथे छिद्रांचा प्रश्न येतो. मॉफवाले ग्रॅममागे किती चौरस मीटर पृष्ठभाग याचा अभिमान बाळगतात. भाजलेल्या पावडरीत आठशे ते हजार मिळतात. एका ग्रॅममध्ये दहा-बारा बॅडमिंटन कोर्ट. पण हा सगळा पृष्ठभाग दोन नॅनोमीटरपेक्षा लहान छिद्रांत असेल, तर तो नुसत्या खोल्यांचा वाडा झाला. पुण्यातल्या जुन्या पेठा आठवा: खोल्या लागतात, बोळही लागतात आणि हमरस्ताही लागतो. लोहाच्या जागा खोल्यांत, आयोनोमर आणि पाणी यांची ये-जा बोळांतून, आणि हवा कणांमधल्या मोठ्या फटींतून. झिफच्या स्फटिकाचा आकार हा इथला सगळ्यात हाताशी असलेला स्क्रू आहे. मोठे, मायक्रॉनभर स्फटिक केले तर आतलं लोह फुकट जातं. फार बारीक केले तर भाजताना ते एकमेकांना चिकटून डिखळं होतात. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या गांग वू यांच्या गटाने वीस नॅनोमीटरपासून मायक्रॉनपर्यंत आकार बदलून पाहिले, आणि पन्नासच्या आसपासचा सगळ्यात चांगला ठरला. माझाही अनुभव साधारण तसाच.

थर लावण्यासाठी पावडर आणि आयोनोमर द्रावकात कालवून जी शाई करतात, तिच्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही, कारण त्यावर पेपर होत नाही. तीच पावडर, तोच नाफिऑन (हा आयोनोमर), फक्त पाणी आणि प्रोपेनॉलचं प्रमाण बदललं, तरी सेलचा निकाल ओळखू येत नाही इतका बदलतो. आयोनोमर कमी पडला तर प्रोटॉन पोचत नाहीत, जास्त झाला तर बोळ बुजतात. आमच्याकडे एका नमुन्यासाठी पावडर करायला दोन आठवडे आणि तिची शाई बसवायला चार महिने लागले होते. शाई बसवण्याआधी तो नमुना भिकार ठरला होता. नंतर तोच आमचा सगळ्यात चांगला निघाला. विचार करा, किती चांगल्या पावडरी नुसत्या वाईट शाईमुळे कचऱ्यात गेल्या असतील.

एका ग्रॅमवरून पन्नास ग्रॅमवर जातानाही असाच ठेचकाळतो माणूस. बोटीत, म्हणजे भट्टीत ठेवायच्या लांबट भांड्यात, पावडरीचा थर जाड झाला, की खालच्या थरातली जस्ताची वाफ वरून बाहेर पडायला वेळ घेते, तापमान आतबाहेर सारखं राहत नाही, आणि एकाच बोटीत दोन वेगवेगळे पदार्थ निघतात. त्यात मूळ वजनाच्या साधारण एक तृतीयांशच हाती येतं. म्हणून लॅबमधल्या एका ग्रॅमच्या किमतीवरून "प्लॅटिनमपेक्षा शंभरपट स्वस्त" असं लिहिलेलं दिसलं की मी पान उलटतो.

आता आयुष्य. इथे जरा थांबू, कारण तुमची पीएच.डी. झाली तर इथेच होणार आहे.

लोह-नायट्रोजन-कार्बनचा सेल सुरू केला, की पहिल्या काही दहा तासांत शक्ती झपाट्याने घसरते, मग घसरण मंदावते. प्रवासी गाडीला किमान पाच हजार तास हवेत, ट्रकला पंचवीस हजारांच्या पुढे. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या गटाने लोह-कोबाल्टवाला एक कॅटॅलिस्ट ७०० तास चालवून दाखवला होता, पण ०.४ व्होल्टवर. तो कमी भीतीचा प्रदेश. खरी झीज ०.६ च्या वर, हवेवर, आणि चढउताराच्या भारात होते.

घसरतं का, याची चार कारणं सांगतात आणि चारही कमीजास्त खरी आहेत. एक, लोह आपली जागा सोडून आम्लात निघून जातं. दोन, नायट्रोजन प्रोटॉन धरून बसतो आणि शेजारच्या जागेचा स्वभाव बदलतो. अमोनियात भाजलेले नमुने पहिल्या दिवशी सगळ्यात तेज असतात आणि सगळ्यात लवकर मान टाकतात, त्यात याचा हात आहे. तीन, बारीक छिद्रांत पाणी भरतं. पण हे एकमेव कारण असतं तर सेल वाळवल्यावर सगळं परत आलं असतं, आणि तसं येत नाही. चौथं कारण सगळ्यात बेरकी.

ऑक्सिजनला चारऐवजी दोनच इलेक्ट्रॉन मिळाले, तर पाण्याऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. आणि पेरॉक्साइड अधिक लोह म्हणजे फेंटनची अभिक्रिया. आपल्याकडे एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यांचं सांडपाणी साफ करायला हीच वापरतात, कारण त्यातून निघणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल कोणत्याही सेंद्रिय पदार्थाचा फडशा पाडतात. सांडपाण्यात हे वरदान. सेलमध्ये ते कॅटॅलिस्टचा कार्बन कुरतडतात, आयोनोमर कुरतडतात आणि शेवटी मेम्ब्रेनही. बाहेर येणाऱ्या पाण्यात फ्लोराइड वाढायला लागलं, की मेम्ब्रेनला कीड लागली असं समजायचं. ही मोजणी स्वस्त आहे आणि फारच थोडे लोक करतात. स्वतःचा लाकडी वासा आपणच पोखरणारी वाळवी पाळावी, तसा हा प्रकार.

म्हणून लोहाऐवजी कोबाल्ट किंवा मँगेनीज घालणारा एक पंथ आहे. मँगेनीज फेंटनच्या बाबतीत बरंच सुशील, पण चपळाईत मागे. दुसरा पंथ रॅडिकल गिळणारी ऑक्साइडं मिसळतो: सेरियमची, किंवा टँटलम-टायटॅनियमची. तिसरा पंथ तयार कॅटॅलिस्टवर नायट्रोजनयुक्त कार्बनचा आणखी एक पातळ पापुद्रा चढवतो. थोडी चपळाई जाते, आयुष्य बरंच वाढतं. २०२२ मध्ये यावर चांगलं काम आलं, आणि मला तरी हाच रस्ता सगळ्यात आश्वासक वाटतो. त्याचं कारण पुढे आहे.

२०१५ मध्ये एक्स-किरणांच्या साहाय्याने नक्की झालं, की काम करणारी जागा म्हणजे एकच लोहाचा अणू आणि भोवती चार नायट्रोजन. पण चार नायट्रोजन म्हणजे सगळ्या जागा सारख्या असं नाही. २०२१ मध्ये फ्रेडरिक जावां आणि सहकाऱ्यांनी लोहाच्या अणूची अवस्था ओळखणाऱ्या मॉसबाउअर वर्णपटाच्या मदतीने दाखवलं, की दोन जातीच्या जागा असतात. पहिली जात वापरात लवकर मोडते आणि तिचं लोह गंजासारखं ऑक्साइड होतं. दुसरी जात टिकते. म्हणजे पहिल्या दिवशीच्या चपळाईचा बराचसा भाग मुळातच उधारीवरचा असतो. वरचा पापुद्रा, दुसऱ्यांदा भाजणं, जरा जास्त तापमान, या सगळ्यांचा मला दिसणारा अर्थ एकच आहे: नाजूक जात आधीच मारून टाकायची किंवा बळकट जातीत बदलायची, आणि पहिल्या दिवशीचा आकडा थोडा कमी आला तरी तक्रार करायची नाही. पेपर छापून आणण्याच्या शर्यतीत हे पथ्य कुणाला पाळवत नाही.

कार्बनचं जळणंही विसरू नका. सेल बंद-चालू करताना कॅथोडचं विभव क्षणभर १.४-१.५ व्होल्टपर्यंत चढू शकतं. प्लॅटिनमखालचा कार्बनही तेव्हा जळतो, पण आपल्या पदार्थात कार्बन हाच कॅटॅलिस्ट आहे. घराला आग लागली तर भाडेकरूला दुसरं घर नाही.

हे सगळं वाचून हिरमुसला असाल, तर विकल्या गेलेल्या वस्तूची गोष्ट सांगतो. २०१७ मध्ये कॅनडाच्या बॅलार्डने जपानच्या निशिनबोबरोबर ३० वॉटच्या छोट्या स्टॅकची घोषणा केली, कॅथोडवर प्लॅटिनम नसलेला. प्लॅटिनम ऐंशी टक्क्यांहून जास्त घटलं, शून्य झालं नाही, कारण हायड्रोजनच्या बाजूला ते राहिलंच. आम्लात हायड्रोजन फोडायला प्लॅटिनमला अजून धड पर्याय नाही. तेव्हा "पूर्णपणे प्लॅटिनममुक्त" असं शीर्षक दिसलं तर दुसऱ्या इलेक्ट्रोडवर काय आहे ते विचारा.

गाडी हे या पावडरीचं पहिलं घर असेल असं मला वाटत नाही. पुण्यात २०२२ मध्ये केपीआयटी कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था यांची हायड्रोजन बस दाखवली गेली. ती कमी तापमानाच्या पेम (प्रोटॉन जाऊ देणाऱ्या मेम्ब्रेनच्या) सेलची, म्हणजे प्लॅटिनमच्याच घराण्यातली, आणि आज तेच शहाणपणाचं आहे. मला जास्त रस आहे तो फॉस्फोरिक आम्लाच्या गरम सेलमध्ये, जे दीडशे ते एकशेऐंशी अंशाला चालतात. तिथे फॉस्फेट प्लॅटिनमला चिकटून त्याच्या जागा अडवतं, त्यामुळे प्लॅटिनम कितीतरी जास्त घालावं लागतं. लोह-नायट्रोजनच्या जागांना फॉस्फेटची अशी बाधा होत नाही. २०१९ मध्ये सीएसआयआर आणि पुण्याच्याच थरमॅक्सने मिथेनॉल-बायोमिथेनवर चालणारी ५ किलोवॉटची उच्च तापमानाची यंत्रणा दाखवली होती. एका जागी बसून वीज आणि उष्णता देणाऱ्या अशा यंत्रात थर जाड असला, आकार थोडा मोठा झाला, तरी बिघडत नाही. गरम आम्लात आयुष्याचा प्रश्न अर्थात आणखी तिखट होतो. दुसरं घर अल्कलीच्या मेम्ब्रेनचं. तिथे लोह निवांत राहतं आणि फेंटनचा जाच कमी. अडचण मेम्ब्रेनची आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची.

तुमचा शेवटचा प्रश्न. शिल्लक खूप आहे, पण "नवा मॉफ, नवी पावडर, नवा वक्र" यात नाही. तिथे आधीच गर्दी आहे. तुम्हाला रसायनशास्त्र आवडत असेल, तर टिकाऊ जातीच्या जागांचं प्रमाण भट्टीत कशाने वाढतं यावर बसा. त्यासाठी जागा मोजता आल्या पाहिजेत, म्हणजे नायट्राइटची पद्धत किंवा मॉसबाउअर हाताशी हवा. हाताने काम करायला आवडत असेल तर थर आणि शाई घ्या. तिथे माणसं कमी आहेत आणि कंपन्या त्यांनाच शोधतात. मार्गदर्शक निवडताना एकच चौकशी करा: लॅबमध्ये चालू स्थितीतलं फ्यूएल सेल टेस्ट स्टेशन आहे का, आणि त्यावर विद्यार्थ्याला आठवड्यातले किती दिवस मिळतात. नुसता फिरता इलेक्ट्रोड असेल, तर जवळच्या एखाद्या राष्ट्रीय प्रयोगशाळेशी त्यांचं सहकार्य आहे का ते बघा. पुण्यात एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, फ्यूएल सेलचं काम बरीच वर्षं चालू आहे, आणि आयसरमध्ये मॉफवाले आहेत. दोन्हीत फार तर पाच मिनिटांचं अंतर आहे.

आणि भट्टीची वही ठेवा. बोटीत किती मिलिमीटर पावडर होती, वायू मिनिटाला किती, तापमान चढवायला किती वेळ लावला, नळी शेवटची कधी साफ केली. पुढच्या वेळी आकडे घेऊन विचारायला आलात, तर मी आधी तीच वही मागणार आहे.